शाश्वत गुंतवणूक सुरू करताना: फंडाचं नाव नंतर वाचा, यादी आधी

‘शाश्वत’, ‘हरित’, ‘जबाबदार’, ‘ईएसजी’ असा एखादा शब्द फंडाच्या नावात दिसला की नवख्या गुंतवणूकदाराची समजूत होते, आपला पैसा आता पवनचक्क्यांकडे, सौरप्रकल्पांकडे जाणार. मग तो त्या फंडाची यादी उघडतो. पहिल्या दहा नावांत बड्या तंत्रज्ञान कंपन्या, बँका, औषध कंपन्या आणि क्वचित एखादी तेल कंपनीही दिसते. यात कोणी फसवलेलंच असतं असं नाही. एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात आणि घेणाऱ्याने आपल्याला कोणती हवी हे ठरवलेलं नसतं. म्हणून सुरुवात बाजारापासून न करता तिथूनच करू.

पायरी १: आपल्याला नेमकं काय हवंय ते लिहून काढा

पहिला हेतू पैशाच्या बचावाचा. हवामानबदल, कडक होणारे नियम, कोर्टकज्जे, कामगारांचे प्रश्न, ढिसाळ कारभार यांचा फटका बसेल अशा कंपन्या आपल्याकडे नकोत. दुसरा हेतू मनाला पटण्याचा. तंबाखू, कोळसा किंवा शस्त्रास्त्रं यांतून मिळणारा नफा नको, मग परतावा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल. तिसरा हेतू बदल घडवण्याचा. माझ्या पैशामुळे जगात असं काही व्हावं, जे एरवी झालं नसतं.

बाजारातले बहुतांश ईएसजी फंड पहिल्या हेतूसाठी बांधलेले असतात. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन बाजूंनी कंपनीचं परीक्षण. ही संज्ञा रूढ झाली ती २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालातून. २००६ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत जबाबदार गुंतवणुकीची सहा तत्त्वं जाहीर झाली आणि आज ५,००० हून अधिक संस्थांनी ती स्वीकारली आहेत. पण मूळ प्रश्न बहुतेक ठिकाणी ‘जगामुळे या कंपनीला काय धोका आहे?’ हाच राहिला. ‘या कंपनीमुळे जगाला काय धोका आहे?’ हा प्रश्न वेगळा आहे, आणि सामान्य गुंतवणूकदाराच्या मनात बहुतेक वेळा हा दुसराच असतो. गैरसमजाचं मूळ इथे आहे.

तुमचा हेतू एका वाक्यात कागदावर लिहा. पुढची प्रत्येक निवड त्या वाक्याशी ताडून बघायची आहे.

पायरी २: पाया आधी

अचानक लागणारा काही महिन्यांचा खर्च सहज काढता येईल अशा जागी ठेवा, जास्त व्याजाचं कर्ज फेडा आणि पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नका. फंड कितीही शाश्वत असला तरी शेअर बाजार पडतो तेव्हा तोही पडतो.

पायरी ३: जगाचं चित्र वाचायला शिका, पण त्यावर पैज लावू नका

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये जागतिक अर्थव्यवस्थेचा अंदाज प्रसिद्ध करतो आणि जानेवारी-जुलैमध्ये त्यात सुधारणा करतो. मोठ्या बँका वर्षाअखेरीस पुढच्या वर्षाचं भाकीत छापतात. हे जरूर वाचा. फक्त निर्देशांक कुठे पोचेल हा आकडा सोडून द्या. त्यामागची कारणं काय सांगितली आहेत, तिकडे लक्ष द्या. नवख्याला तीन गोष्टी कळल्या तरी खूप झालं: व्याजदर, महागाई आणि शेअरच्या किमती कमाईच्या किती पट आहेत.

यांतला व्याजदर शाश्वत गुंतवणुकीसाठी सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्यावर जरा थांबू. वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्राचा मोठा खर्च इंधनाचा असतो आणि तो वर्षानुवर्षं थोडाथोडा होत राहतो. पवनचक्की किंवा सौरप्रकल्पाला इंधन लागत नाही, पण जवळपास सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि त्यासाठी कर्ज काढावं लागतं. त्यामुळे व्याजदर वाढले की स्वच्छ विजेचा प्रत्येक युनिट वायूच्या विजेपेक्षा जास्त महागतो. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर शून्याजवळून ५.२५ ते ५.५० टक्क्यांपर्यंत नेले. समुद्रातल्या पवनऊर्जेत जगात आघाडीवर असलेल्या डेन्मार्कच्या ऑर्स्टेड कंपनीने २०२३ मध्ये अमेरिकेतले दोन मोठे प्रकल्प सोडून दिले. कारणांत वाढलेले व्याजदर आणि सुट्या भागांच्या पुरवठ्यातल्या अडचणी ठळक होत्या. २०२१ च्या सुरुवातीला शिखरावर असलेले स्वच्छ ऊर्जेचे शेअर पुढची काही वर्षं घसरत राहिले.

त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं पाहा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार २०२५ मध्ये जगात ऊर्जेवर होणाऱ्या सुमारे ३.३ लाख कोटी डॉलर गुंतवणुकीपैकी २.२ लाख कोटी डॉलर अक्षय ऊर्जा, अणुऊर्जा, वीजवाहिन्या, साठवण, विद्युतीकरण आणि ऊर्जाबचत यांकडे जाणार होते. तेल, वायू आणि कोळशाच्या वाट्याला साधारण याच्या निम्मे. म्हणजे स्वच्छ ऊर्जा वेगाने वाढत होती आणि तिचे शेअर पडत होते, एकाच वेळी.

हे विसंगत वाटतं, पण त्यामागे साधं कारण आहे. २०१० ते २०२० या दहा वर्षांत मोठ्या सौरप्रकल्पांतल्या विजेचा सरासरी खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी उतरला. ग्राहकाला आणि पृथ्वीला ही फार चांगली बातमी आहे. पण किंमत इतकी उतरते तेव्हा पॅनेल बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये जीवघेणी स्पर्धा चाललेली असते आणि नफा पातळ होत जातो. एखादं तंत्रज्ञान जगभर पसरणार हे तुमचं भाकीत तंतोतंत खरं ठरू शकतं आणि तरीही त्यावर लावलेला पैसा बुडू शकतो. एकाच विषयावरचे फंड, म्हणजे केवळ सौर, केवळ बॅटऱ्या, केवळ हायड्रोजन, घेण्याआधी हे दोनदा वाचा. माझं मत विचाराल तर नवख्याने असे फंड एकूण गुंतवणुकीच्या अगदी छोट्या हिश्शापलीकडे घेऊच नयेत.

२०२२ ने आणखी एक गोष्ट दाखवली. रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, तेल-वायू भडकले आणि अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकात ऊर्जाक्षेत्राचे शेअर निम्म्याहून जास्त वाढले, तर संपूर्ण निर्देशांक सुमारे १९ टक्के पडला. तेलकंपन्या वगळून तंत्रज्ञान कंपन्यांवर झुकलेले ईएसजी फंड त्या वर्षी मागे पडले. त्याआधीची काही वर्षं तेच फंड पुढे होते आणि ‘चांगलं वागणाऱ्या कंपन्या जास्त परतावा देतात’ असं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. दोन्ही वेळा परताव्यातला मोठा भाग कोणत्या क्षेत्राचं वजन किती, यातून आला होता. ‘शाश्वत म्हणजे जास्त परतावा’ आणि ‘शाश्वत म्हणजे कमी परतावा’ या दोन्ही ठाम विधानांपासून दूर राहा.

हे चित्र ध्यानात ठेवायचं ते मधल्या काळात घाबरू नये म्हणून. व्याजदर उतरणार असं वाचून खरेदी आणि चढणार असं वाचून विक्री करणाऱ्यांना वर्षानुवर्षं सातत्याने यश मिळत नाही, पगारी तज्ज्ञांनाही नाही. ठरावीक रक्कम ठरावीक काळाने गुंतवत राहणं हा सामान्य माणसासाठी सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग.

पायरी ४: फंड कोणत्या पद्धतीने चालतो ते ओळखा

सर्वात जुनी पद्धत वगळण्याची. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या क्वेकर पंथीयांनी आपल्या सदस्यांना गुलामांच्या व्यापारापासून दूर राहायला सांगितलं, तेव्हापासून ही परंपरा मोजली जाते. दुसरी पद्धत प्रत्येक क्षेत्रातल्या त्यातल्या त्यात बऱ्या कंपन्या घेण्याची. यात तेल कंपनीही येऊ शकते, कारण तिची तुलना इतर तेल कंपन्यांशीच होते. तिसरी पद्धत जलव्यवस्थापन किंवा अक्षय ऊर्जा अशा विषयाची. चौथी मोजता येईल असा सामाजिक किंवा पर्यावरणीय परिणाम साधण्याची. आणि पाचवी, मालक या नात्याने कंपनीला बदलायला लावण्याची.

पायरी १ मधला दुसरा हेतू असेल तर वगळणारा फंड तुमच्यासाठी. तिसरा हेतू असेल तर मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. शेअर बाजारात तुम्ही एखादा शेअर विकता तेव्हा तो दुसरा कोणीतरी घेतो. कंपनीच्या तिजोरीतून दमडीही बाहेर जात नाही आणि घेता तेव्हा आतही येत नाही. कंपनीला प्रत्यक्ष पैसा मिळतो तो नवे शेअर काढताना, रोखे विकताना किंवा बँकेचं कर्ज घेताना. पुष्कळ मोठ्या गुंतवणूकदारांनी दीर्घकाळ पाठ फिरवली तर कंपनीला भांडवल उभारणं महाग पडतं, पण एकट्यादुकट्याच्या विक्रीने ते होत नाही. वगळणं निरुपयोगी नाही. आपण कशातून कमावायचं नाही, हे ठरवण्याचा तो प्रामाणिक मार्ग आहे. फक्त त्याला ‘परिणाम’ म्हणून विकणाऱ्याकडे सावधपणे बघा.

पायरी ५: यादी उघडा, मगच गुण आणि लेबल बघा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा. फंडाच्या माहितीपत्रकात किंवा मासिक अहवालात त्याच्याकडच्या कंपन्यांची यादी असते. पहिली वीस नावं वाचा. मग त्याच फंडघराच्या, म्हणजे फंड चालवणाऱ्या कंपनीच्या, साध्या निर्देशांक फंडाची (निर्देशांकातल्या कंपन्या त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडाची) यादी शेजारी ठेवा. दोन्ही जवळपास सारख्या निघाल्या आणि शाश्वत फंडाचा खर्च जास्त असेल, तर जादा पैसे तुम्ही नावाचे मोजताय.

वगळलेल्या कंपन्या पडताळायला एक फुकट साधन आहे. नॉर्वेचा सरकारी पेन्शन निधी जगातल्या सर्वांत मोठ्या गुंतवणूकदारांपैकी एक. त्याला २००४ पासून नीतिपरिषद आहे आणि वगळलेल्या कंपन्यांची नावं कारणांसह जाहीर होतात. उत्पन्नाचा ३० टक्के किंवा त्याहून जास्त भाग औष्णिक कोळशातून मिळवणाऱ्या कंपन्या वगळता येतील, असा निकष त्याला २०१६ मध्ये मिळाला. तुमच्या फंडाची यादी या यादीशी ताडून पाहा. नॉर्वेशी प्रत्येक ठिकाणी सहमत व्हायला हवं असं नाही, पण एखादी कंपनी तिथे का नको आणि इथे का चालते, हा प्रश्न तुमच्या हाती येतो.

आता गुण. ईएसजी गुण देणाऱ्या संस्था अनेक आहेत आणि त्यांचं आपसात फारसं जमत नाही. एमआयटी आणि झुरिकच्या संशोधकांनी सहा संस्थांचे गुण तपासले तेव्हा त्यांच्यातला सहसंबंध सरासरी ०.५४ निघाला (पूर्ण एकमत असतं तर तो १ आला असता). कर्ज फेडण्याची पत ठरवणाऱ्या मोठ्या संस्थांमध्ये हाच आकडा ०.९ च्या वर असतो. म्हणजे एकीकडे अव्वल ठरलेली कंपनी दुसरीकडे मध्यम ठरू शकते. कोणी खोटं बोलतंय म्हणून हे होत नाही. काय मोजायचं, कशाने मोजायचं आणि कशाला किती वजन द्यायचं, यावर एकमत नाही. मे २०२२ मध्ये एस अँड पी ५०० च्या ईएसजी निर्देशांकातून विजेवरच्या गाड्या बनवणारी टेस्ला वगळली गेली आणि एक्सॉनमोबिल ही तेल कंपनी त्यात राहिली. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन डाऊ जोन्स सस्टेनेबिलिटी निर्देशांकात वाहन उद्योगात अग्रणी ठरली होती. त्याच महिन्यात धूर मोजणाऱ्या चाचण्यांना चकवणारं सॉफ्टवेअर तिने गाड्यांत बसवल्याचं उघड झालं, आणि अशा गाड्या जगभरात सुमारे १ कोटी १० लाख निघाल्या. गुण बव्हंशी कंपनीने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीवर बेतलेले असतात, हे विसरू नका.

गुणांऐवजी उत्सर्जनाचा आकडा मागा, पण तो कोणता तेही विचारा. पहिल्या वर्गात कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यांतून निघणारं उत्सर्जन येतं, दुसऱ्यात तिने विकत घेतलेल्या विजेचं, आणि तिसऱ्यात पुरवठादारांपासून ग्राहकांच्या वापरापर्यंतचं सगळं. तेल कंपनीचं बहुतांश उत्सर्जन तिसऱ्या वर्गात असतं, कारण तेल ग्राहक जाळतो. फक्त पहिले दोन वर्ग दाखवून फंड स्वतःला कमी कार्बनचा म्हणवत असेल, तर चित्र अर्धवट आहे.

लेबलांचे नियम देशागणिक निराळे आहेत आणि बदलतही आहेत. युरोपात २०२१ पासून फंड आपण माहिती जाहीर करण्याच्या नियमांतल्या कलम ८ मध्ये (पर्यावरण किंवा समाजाचा विचार करणारे) मोडतो की ९ मध्ये (शाश्वतता हेच उद्दिष्ट असणारे) हे सांगू लागले. कायद्याला त्यातून फक्त माहिती उघड करून घ्यायची होती, विक्रेत्यांनी मात्र ते गुणवत्तेचे शिक्के करून टाकले. ही विभागणी बदलण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०२५ मध्ये मांडला. दरम्यान नावांचे नियमही कडक झाले. युरोपात नावात पर्यावरण किंवा शाश्वततेचा शब्द वापरायचा तर ८० टक्के गुंतवणूक त्याला साजेशी हवी, शिवाय पर्यावरणाचा शब्द असेल तर जीवाश्म इंधनांवर मर्यादा आहेत. मे २०२५ पासून हे जुन्या फंडांनाही लागू झालं आणि बऱ्याच फंडांनी नावच बदललं. ब्रिटनमध्ये २०२४ पासून चार लेबलं आहेत आणि त्यांना किमान ७० टक्क्यांची अट आहे. तुमच्या देशाच्या नियामकाच्या संकेतस्थळावर अशी व्याख्या असते, ती वाचा.

नियम कशासाठी हवेत, हे जर्मनीच्या डीडब्ल्यूएस या फंड कंपनीच्या प्रकरणात दिसलं. ईएसजीचा विचार आपण किती करतो याबद्दल तिने वाढवून सांगितल्याच्या आरोपांवरून मे २०२२ मध्ये तिच्या फ्रँकफर्टच्या कार्यालयावर छापा पडला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने ईएसजीबद्दलच्या विधानांसाठी तिला १.९ कोटी डॉलरचा दंड केला.

पायरी ६: रोख्यांकडेही बघा

‘पैसा नेमका कुठे गेला’ हे समजून घ्यायचं असेल तर हरित रोखे शेअरपेक्षा सरळ आहेत. युरोपीय गुंतवणूक बँकेने २००७ मध्ये आणि जागतिक बँकेने २००८ मध्ये असे रोखे काढले आणि तिथून ही बाजारपेठ उभी राहिली. यात जमलेला पैसा ठरलेल्या प्रकल्पांवरच खर्च करायचा असतो आणि त्याचा हिशेब दरवर्षी द्यायचा असतो. परतफेडीची जबाबदारी मात्र प्रकल्पाची नसून रोखे काढणाऱ्या संस्थेची असते. त्यामुळे हरित शब्दावर न जाता तिची पत तपासा.

शाश्वततेशी जोडलेले रोखे हा निराळा प्रकार. यात पैसा कुठेही वापरता येतो, पण कंपनीने स्वतःसाठी लावलेलं उद्दिष्ट हुकलं तर व्याज वाढवून द्यावं लागतं. इटलीच्या एनेल कंपनीचं २०२३ चं उत्सर्जनाचं उद्दिष्ट हुकलं आणि तिला काही रोख्यांवर पाव टक्का जादा व्याज देणं भाग पडलं. शिक्षा मोठी नाही, पण बंधन खरं निघालं.

पायरी ७: खर्च आणि विभागणी

१०० रुपये दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढले तर ३० वर्षांत ५७४ होतात, ५ टक्क्यांनी वाढले तर ४३२. एक टक्का जादा खर्च म्हणजे हा फरक. म्हणून गाभा स्वस्त आणि सगळीकडे पसरलेल्या निर्देशांक फंडाचा ठेवा, तुमच्या हेतूप्रमाणे वगळणी केलेला. ‘जागतिक’ या शब्दालाही भुलू नका. एमएससीआय या निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीच्या ‘सर्व देशांच्या’ निर्देशांकात अमेरिकेचंच वजन ६० टक्क्यांहून अधिक आहे आणि त्यातही मोजक्या तंत्रज्ञान कंपन्यांचा भार मोठा आहे.

पायरी ८: आकड्यांच्या चढउतारात व्याख्या शोधा

शाश्वत गुंतवणूक वाढतेय की ओसरतेय, यावर तुम्हाला उलटसुलट मथळे दिसतील. जागतिक शाश्वत गुंतवणूक आघाडीने २०२० साठी ३५.३ लाख कोटी डॉलर हा आकडा दिला आणि २०२२ साठी ३०.३ लाख कोटी. पैसा पळाला असं वाटेल, पण मोठं कारण मोजणीचं होतं. अमेरिकेत कशाला शाश्वत म्हणायचं याची व्याख्या कडक केली आणि तिथला आकडा १७.१ वरून ८.४ लाख कोटींवर आला. ओहोटीही आहेच. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत जगभरच्या शाश्वत फंडांत जेवढा पैसा आला त्याहून जास्त बाहेर गेला, आणि अमेरिकेतला राजकीय विरोध तीव्र आहे. या फंडांतली चार पंचमांशांहून जास्त मालमत्ता युरोपात आहे, त्यामुळे एका देशातल्या बातमीवरून जगाचा निष्कर्ष काढू नका.

पायरी ९: तुमच्या वतीने मत कोण देतंय ते विचारा

शेअर घेतला की मतदानाचा हक्क येतो. फंडामार्फत घेतला तर तुमच्या पैशावरचं मत फंडघर देतं. या मताला किती वजन असतं ते मे २०२१ मध्ये दिसलं. इंजिन नंबर वन या छोट्या फंडाकडे एक्सॉनमोबिलचे जेमतेम ०.०२ टक्के शेअर होते. तरी मोठ्या फंडघरांचा पाठिंबा मिळवून त्याने संचालक मंडळाच्या तीन जागा जिंकल्या. कंपनीचा धंदा त्यामुळे पालटला नाही, पण हजारो लहान विक्रींनी जे साधलं नसतं ते एका मतदानाने साधलं.

हेच मत उलटही फिरतं. जगातलं सर्वांत मोठं फंडघर ब्लॅकरॉक. २०२१ मध्ये त्याने पर्यावरण आणि सामाजिक विषयांवरच्या भागधारकांच्या जवळपास निम्म्या ठरावांना पाठिंबा दिला होता, २०२४ पर्यंत हे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर आलं. ठरावांचा दर्जा घसरला, असं त्याचं म्हणणं. ते कोणाला पटेल, कोणाला नाही.

तुमच्या फंडघराच्या संकेतस्थळावर मतदानाचा वार्षिक अहवाल शोधा. सापडला नाही तर ईमेल करा आणि तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षी हवामानविषयक किती ठरावांच्या बाजूने मत दिलं, कोणत्या कंपन्यांशी कशाबद्दल बोलणी केली, आणि कंपनीने ऐकलं नाही तेव्हा पुढे काय केलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं छापील पत्रकातून येतील. तिसऱ्याचं उत्तर कंपनीच्या नावासह आणि ठोस कृतीसह आलं तर तो फंड ठेवण्यालायक आहे. महिनाभरात उत्तरच आलं नाही, तर पुढचा हप्ता भरण्याआधी दुसऱ्या फंडाची यादी उघडा.